मावशीला मारण्याचा गृहपाठ

ती. स्व. वसुंधरामावशीस,

आचोळ्याहून सुमेधचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा बरा असेल असं धरून चालतो.

गेल्या महिन्यात मी तुला दिवसातून सहा-सहा वेळा फोन करून कधी केळ्यांचा भाव, तर कधी वालाच्या बिरड्याची कृती विचारत होतो, त्याचा आज खुलासा करतो. मी दिवाळी अंकासाठी कथा लिहीत होतो. तिच्यातली म्हातारी हुबेहूब तू (मिश्रीसकट), आणि शेवटी ती मरते. ‘म्हातारी गेली’ एवढं लिहिलं आणि मनात आलं, आता तिकडे निर्मळला तू जाणार, तेही माझ्यामुळे. हे वेडगळ आहे हे मला कळत होतं, पण कळून काही उपयोग होत नाही, हीच माझ्या या मंत्रचळाच्या आजाराची खासियत. वाक्य खोडलं, तुला फोन केला, पुन्हा लिहिलं, पुन्हा फोन. ‘‘मेले नाही रे अजून!’’ असं तू खेकसलीस, तेव्हा फार बरं वाटलं (चार मिनिटं).

मग त्या मंगळवारी तू फोन उचललाच नाहीस. मी घरच्या लेंग्यावर स्कूटर हाणत निर्मळ गाठलं, तर तू वाडीत मोगरा खुडत होतीस. मला रडू फुटायला आलं, म्हणून म्हणालो, केळी न्यायला आलो. तू अख्खा घड मागे बांधून दिलास. आमच्या सोसायटीने तो आठवडाभर खाल्ला.

त्यानंतर मी म्हातारीला जीवदान दिलं. तिच्याऐवजी शेजारी मारला, मग त्याचीही काळजी लागली, म्हणून मांजर. शेवटी कुणीच मेलं नाही. संपादकांनी कळवलं, ‘पात्रं सुखरूप आहेत, कथा मात्र दगावली.’

त्या दिवशी तुझ्या सूनबाईने, मीराने, मला हाताला धरून मनोविकारांच्या डॉक्टर ब्रिटनीकडे नेलं. (वय तुझ्या नातीएवढं, धाक तुझ्याएवढा.) ती म्हणाली, ‘‘रोज सकाळी म्हातारीला मारायचं. मावशी ठीक आहे का, हे कुणालाही विचारायचं नाही. भीती वाटेल, वाटू द्या.’’ पहिल्या दिवशी मी घामाने भिजलो. आज सतरावा दिवस. म्हातारी सतरा वेळा गेली, आणि मी एकदाही फोन केलेला नाही. कथा काल पाठवली. भीती अजून आहे, पण तिला बसवून ठेवून लिहिता येतं, हे नवीनच कळलं.

तुझा भाचा,
सुमेध

ता. क. : या पत्राला उत्तर नको. तुझं अक्षर दिसलं की खात्री पटेल, आणि खात्री मला पथ्याला चालत नाही.

आणखी ता. क. : शनिवारी तू मीराला फोन करशीलच. तिला हल्ली जरा कमी ऐकू येतं. मोठ्याने बोल.