वाऱ्याने लागलेलं दार

दि. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणालो. ठीक नाही. तुझा आवाज ऐकला की माझं तोंड शिवल्यासारखं होतं, म्हणून लिहायला बसलोय.

मंगळवारी भिंगरीचं बोट दारात चेंगरलं. डाव्या हाताचं मधलं. नख गेलं, टोकाचं हाड तडकलंय, चार टाके पडले. वाचनालयाचे जुने नकाशे बांधणीला आलेत. ती मला चहा द्यायला दुकानात आली, कोपर लागलं आणि खळीचं भांडं एका नकाशावर कलंडलं. मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. तिच्या गेलेल्या आईलाही मध्ये ओढलं, एवढं आठवतं. मग तिला बाहेर काढलं आणि दार आपटलं. तिचा हात चौकटीवर होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कसं झालं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत भिंगरी म्हणाली की वाऱ्याने दार लागलं. अकरा वर्षांची पोर, बाही रक्ताने भिजलेली, आणि माझ्याकडे न बघता इतकं सरळ खोटं बोलली. मी मान डोलावली.

बांधणीच्या गठ्ठ्यात ग्रीस-रोममधल्या जुन्या स्टोइक तत्त्वज्ञांवरचं एक पुस्तक आहे, पानं सुटी झालेलं. शिवता शिवता वाचतो. त्यांचं म्हणणं असं की पहिला भडका माणसाच्या हातात नसतो, पण त्याला होकार द्यायचा की नाही हे त्याच्या हातात असतं. मी आजवर होकारच देत आलो. आता शिकेन म्हणतो.

माझी लाज वाटली तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
ठोकळ्या


दि. ११ जानेवारी

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

पत्र डबा खाताना उघडलं आणि डबा तसाच झाकून ठेवला. हात उंच ठेवायला सांग, झोपताना खाली उशी दे. टाक्यांना पाणी लागू देऊ नकोस. डायलिसिसच्या वॉर्डात नर्स म्हणून एकवीस वर्षं काढलेल्या बाईचं एवढं तरी ऐक.

शाळेत धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडून लिहून घेणारा माणूस आता तत्त्वज्ञान वाचतोय, याचं मला हसू आलं. वाच. राग आवरणार असशील तर कुठल्याही पुस्तकाला माझी हरकत नाही. पण एक विचारते. नकाशा, खळ, टाके, पुस्तक, सगळं लिहिलंस. तिला तू काय म्हणालास, ते कुठेच नाही. विसरलास, की म्हणालाच नाहीस?

भिंगरीला माझा पापा. तुझ्यावर रागावले आहे, आणि माया होती तेवढीच आहे.

ताई


दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चांगली बातमी आहे. चार आठवड्यांत मी एकदाही आवाज चढवलेला नाही. डोकं तापायला लागलं की सुई हातात घेतो आणि एका फर्म्याची, म्हणजे पानांच्या एका जुडीची, शिवण पुरी होईपर्यंत बोलत नाही. तोवर शब्द निवतात. संध्याकाळी दुकान बंद करताना दिवसाचा झाडा घेतो, कुठे चुकलो, कुठे सावरलो.

गेल्या आठवड्यात भिंगरीला गणितात सात मार्क पडले. पूर्वीचा मी असतो तर शेजारच्या किल्लीवाल्याने दुकानातून डोकं बाहेर काढलं असतं. मी कागदावर सही केली आणि परत दिला. तिने दूध उतू घालवलं, मी ओटा पुसून घेतला. घर इतकं शांत आहे की घड्याळ ऐकू येतं. तीही शहाण्यासारखी वागते, दुकानात पाऊल टाकत नाही.

तू विचारलंस त्याबद्दल इतकंच, की जुनं उकरण्यापेक्षा पुढे नीट वागून दाखवावं असं मला वाटतं.

तुझी शाबासकी मिळेल या आशेवर असलेला,
ठोकळ्या


दि. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

अक्षराला हसू नकोस. मी डावखुरी आहे आणि बोट अजून वाकत नाही, म्हणून उजव्या हाताने लिहिते आहे. हे पत्र बाबांना दाखवू नकोस.

बाबा आता ओरडत नाहीत. पण हसतही नाहीत. मी काही सांडलं की माझ्याकडे बघतात आणि सुईत दोरा ओवतात. आधी ते ओरडायचे तेव्हा मी मोरीत जाऊन उभी राहायची. ओरडणं थांबलं की कळायचं, संपलं. मग ते येऊन माझी वेणी घालायचे, वाकडीच. आता संपलं की नाही ते कळतच नाही. मी मुद्दाम ग्लास फोडून बघितला. त्यांनी काचा गोळा केल्या आणि म्हणाले, पायात चप्पल घाल.

ते माझ्यावर कायमचे रागावलेत का? नकाशा खूप महाग होता का? आणि आत्या, डॉक्टरांशी खोटं बोललं तर नंतर काही होतं का? मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझी,
भिंगरी


दि. १४ फेब्रुवारी

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आ.

शाबासकी देत नाही. भिंगरीचं पत्र आलंय. ते तिचं आहे म्हणून तुला पाठवणार नाही, एवढंच सांगते की पोर आता पहिल्यापेक्षा जास्त घाबरलेली आहे. तू ज्याला शांतता म्हणतोस, त्यात ती श्वास रोखून बसली आहे.

माझ्या वॉर्डात एक निवृत्त प्राध्यापक आठवड्यातून तीनदा मशीनवर येतात. त्यांना तुझ्या स्टोइकांबद्दल विचारलं. ते म्हणाले की त्या लोकांनी दगड व्हायला कुठे सांगितलंय? राग आवरणं हे अर्धं काम, दुसरं अर्धं न्यायाने वागणं, आणि ते अर्धं लोक सोयीने गाळतात. सुया टोचलेल्या हाताकडे बघत बोलले, म्हणून मला खरं वाटलं.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगते. माझ्या कपाळावरची खूण जिन्यावरून पडल्याची नाही. आपल्या बापाने, आप्पांनी, कुलूप फेकलं होतं. तू तेव्हा चार वर्षांचा होतास. शाळेत बाईंना मी जिना सांगितला, आप्पा शेजारी उभे होते, त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी नवे बूट आणून दिले. पुन्हा त्यांनी माझ्यावर हात उचलला नाही. त्यानंतर एकतीस वर्षं जगले आणि रोज मला वाटायचं की आज म्हणतील, माझं चुकलं. शेवटच्या आठवड्यात मीच त्यांची चादर बदलत होते. त्यांनी खिडकी लावली का म्हणून विचारलं. संपलं.

खोटं मी बोलले होते, पण त्याचं ओझं माझ्यावरून उतरवणं त्यांच्याच हातात होतं. तुझ्या पुस्तकात माणसाच्या हातात काय असतं ते लिहिलंय म्हणतोस ना? मग बघ.

मी चांगली आहे, काळजी करू नकोस. काळजी तिची कर.

ताई


दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस कुठलंच काम धड झालं नाही. जिना मी आयुष्यभर खरा मानला. आप्पांच्या वतीने क्षमा मागायचा मला हक्क नाही, म्हणून मागत नाही. पण आता ते मलाही माहीत आहे. तू एकटी नाहीस.

गुरुवारी बोट दाखवायला गेलो. डॉक्टरीणबाई बोट वाकवून बघत होत्या. मी म्हणालो की वारा नव्हता, दार मी आपटलं होतं, रागाने, आणि पोरीने मला वाचवायला खोटं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, मग उचललं आणि सगळं लिहून घेतलं. त्यांनी सांगितलं की एक समुपदेशक बाई भिंगरीशी एकटीशी बोलतील, आणि मलाही दर गुरुवारी यावं लागेल. पुढे काय ते आत्ताच सांगता येणार नाही म्हणाल्या. मी येतो म्हणालो.

बाहेर बसथांब्यावर आलो. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो की तुझी चूक नव्हती, नकाशाचीही नाही आणि आईचीही नाही, चूक माझी, तुझं बोट मी मोडलं.

ताई, तिने मला ढकललं. आणि जी सुरू झाली! एवढे दिवस मी तोंड मिटून ठेवलं आणि तुम्ही मला डॉक्टरांसमोर खोटारडी ठरवलंत, म्हणाली. आता मला घेऊन गेले तर? आधी का नाही बोललात? मला चित्र काढता येत नाही, बटण लावता येत नाही, आणि तुम्ही नुसते दोरा ओवत बसता! रांगेतली माणसं वळून बघत होती. एक आजोबा मला म्हणाले की पोरीला आवरा. कानशिलं तापली, जुना भडका वर आला, मी ओळखला. सुई हाताशी नव्हती, पुस्तकातलं एक अक्षर आठवलं नाही. मी आजोबांना म्हणालो की बोलू द्या तिला.

दोन बस निघून गेल्या. माझे डोळे भरले होते, ते तिने बघितले, तरी थांबली नाही. आवाज बसला तेव्हा थांबली. मग बसची वाट न पाहता चालू लागली, माझ्या पुढे, तीसेक पावलं. घर चांगलं पाऊण तासावर आहे. वाटेत सहा रस्ते ओलांडायचे होते. प्रत्येक रस्त्याशी ती कडेला थांबली, मागे वळली नाही. मी शेजारी येऊन उभा राहिलो की ओलांडायची, आणि पुन्हा पुढे.

तुझ्या पायाशी,
ठोकळ्या