सातव्या चालीचं प्यादं

३ फेब्रुवारी

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

आठवतं का, आपण टेबलाच्या दोन टोकांना गृहपाठ करायचो आणि मधोमध बाबांचा बुद्धिबळाचा पट असायचा? एक चाल खेळली की ते उठून समोरच्या खुर्चीत बसायचे. तू विचारलंस, एवढी उठाबशी कशाला? ते म्हणाले, समोरच्याची भीती इकडून दिसत नाही.

तू छापायला घेतलेल्या त्यांच्या पुस्तकाची कच्ची प्रत मिळाली. छपाई सुरेख आहे. पण पाचवं प्रकरण कुठाय? सातव्या चालीला प्यादं देऊन घोडा बाहेर काढायची त्यांची सुरुवात, तीच नाही! थापा न मारता कारण कळव. गुडघा शेकतोस ना?

लोभ असू दे, रागासकट.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे. प्रकरण मीच काढलं. संगणकाला ती सुरुवात दाखवली, तर तो म्हणतो, पांढरा दीड प्याद्याने मागे. रात्रभर चालू ठेवला तरी मत बदलेना. आज शाळेतली पोरंही हे घरी तपासतात. बाबांचं हसं झालेलं मला बघवणार नाही. तू पाठवलेल्या बाबांच्या वहीच्या झेरॉक्समध्ये चालींशेजारी बारीक आकडे होते, तेही गाळले. औषधाच्या थेंबांचे असावेत. पुस्तक महिनाअखेरीस छापायला जाईल. हट्ट करू नकोस.

तुझ्या मायेचा हक्कदार,
गुंड्या

२६ फेब्रुवारी

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

उत्तर मुद्दाम लांबवलं. थेंब कसले, शहाण्या! ती मिनिटं आहेत. प्रत्येक चालीला समोरच्याने घड्याळाची किती मिनिटं खाल्ली, ते बाबा डाव संपल्यावर लिहीत. तीन डावांत अकराव्या चालीपाशी बघ: तीस, पंचेचाळीस, बावन्न. तू पुस्तकातून बाबांचं डोकंच काढून टाकलंस. शाळेत आमच्या गणिताच्या सिस्टर नुसत्या उत्तराला गुण देत नसत, रीत दाखवा म्हणायच्या. तुझ्या संगणकाचं दीड हे नुसतं उत्तर. बाबांची रीत त्या मिनिटांच्या रकान्यात आहे.

रविवारी क्लबात मी ती सुरुवात खेळले, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याशी. तो सगळं संगणकावर घोटून येतो. हरले, हे आधीच सांगते. चोपन्नाव्या चालीला हत्ती फुकट घालवला; चूक माझी, बाबांची नव्हे. पण अकराव्या चालीला तो एकेचाळीस मिनिटं बसला. कपाळ पुसलं, चहा गार केला. नंतर म्हणाला, बाई, घरी मशीन सांगत होतं मी जिंकतोय. इथे बसल्यावर माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

तेव्हा पाचवं प्रकरण छापायचं, मिनिटांसकट. खाली संगणकाचं दीडही छाप, त्याच टाइपात. माझा हरलेला डावही घाल. हसणाऱ्यांनी आधी माझ्यासमोर येऊन बसावं. प्रकरण मी हाताने उतरवून थेट छापखान्यात पाठवलं आहे. तिथे तुझं काही चालणार नाही.

पहिली प्रत औषधवाल्याला दे, त्याने ती जिंकून मिळवली आहे. दुसरी तुझ्या लेकीला, आणि बाबांचं डावाचं घड्याळही तिलाच. लाकडी पट क्लबाला. वही तुझीच, पण मी गेल्यावर. तोवर ती मला दर रविवारी लागते.

तुझी हट्टी
ताई