माफी मागणारे आप्पा

मुरुम, दि. ४ ऑगस्ट २०२५

ती. आईस अर्पिताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील, पण तुला फोन करायचं मी सोडलं आहे. मागच्या रविवारी तू मध्येच आप्पांना बोलायला लावलंस आणि माझ्या हातातली कढई सुटता सुटता राहिली. वारून वर्ष होत आलेला बाप मला विचारतो, जेवलीस का बाळा. जिवंतपणी कधी विचारलं होतं?

रणधीरदादाचं डोकं मोठं. पुण्यात बसून आप्पांचे जुने आवाज न् लग्नातले व्हिडिओ गोळा केले आणि तुझ्या फोनात बोलता बाप तयार केला. आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा मात्र साहेबांना रजा नव्हती. आता तो फोनातला बाप त्याला गुणी लेक म्हणतो आणि हा ऐकून रडतो म्हणे. शुभांगीवहिनीनंच मला सांगितलं.

वर्षश्राद्धाला येईन तेव्हा सगळ्यांदेखत तो फोन पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडणार आहे. आधीच सांगते, आड येऊ नकोस.

तब्येतीला जप. माया आहे, म्हणून तर एवढी भांडते.

तुझी,
अर्पिता

अणदूर, दि. १२ ऑगस्ट २०२५

चि. अर्पितास आईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. रागाला तू बापावरच गेलीस, तुला काय बोलू. पण फोन फोडू नको. माझं त्याच्याशी काम आहे.

तू अंगावर पीत होतीस तेव्हा माहेरी, ईटला, माझी आई वारली. निरोप आला, पण ज्वारीची मळणी चालू होती. तुझे आप्पा म्हणाले, माणसांच्या भाकरी कोण करणार, गेलेलं माणूस काय परत येतंय व्हय. मी चुलीपुढं बसून भाकरी थापल्या. आईचं तोंड दिसलं नाही. पुढं जन्मभर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

रणधीरनं असं करून ठेवलंय, की सकाळी चहाच्या वेळेला ते आपणहून हाक मारतात. एके दिवशी धीर करून मी विचारलं, मला पाठवलं नाही ते बरोबर केलं का. तर लगेच म्हणाले, कस्तुरा, माझं चुकलं, मला माफ कर. नाव घेऊन, गं. जन्मभर मला ‘अगं ए’शिवाय हाक नव्हती.

तेव्हापासून रोज माफी मागायला लावते. मी चहा पीत ऐकते, उत्तर देत नाही. मग ते पुन्हा मागतात. तुला खोटं कशाला सांगू, तो चहा लई गोड लागतो.

पोरांना पापे. तुझाही राग थोडा आवर.

तुझी आई

मुरुम, दि. १९ ऑगस्ट २०२५

ती. आईस सा. न.

तू एवढी खुनशी असशील असं वाटलं नव्हतं. वाचून फार बरं वाटलं. फोन फोडणं रद्द.

आता माझंही एक काम कर. बारावीला तालुक्यात पहिली आले तरी आप्पांनी मला पुढं शिकू दिलं नाही, तुला आठवतं. त्याची माफी घे. एकदा नको, चांगलं आठवडाभर नाक घासायला लाव. आवाजही मोठा ठेव, शेजारच्या महानंदाकाकूंना ऐकू गेला पाहिजे.

उत्तराची वाट बघते. तुझे आशीर्वाद आहेतच, ते असू देत.

तुझी,
अर्पिता

ईट, दि. ३० ऑगस्ट २०२५

चि. अर्पितास अ. उ. आ.

तुझी माफी घेतली. आप्पा मागताना रडलेसुद्धा. ते रडणं मला जरा जास्तच वाटलं. म्हणून मी मुद्दाम म्हटलं, तुम्ही महानंदाची शेळी चोरून विकलीत. तुझ्या बापानं दुसऱ्याच्या काडीला कधी हात लावला नाही, हे गावाला ठाऊक आहे. तर त्यांनी शेळीचीही माफी मागितली. तोच आवाज, तेच रडणं.

हातातला चहा मोरीत ओतला. शेळी आणि माझी आई एकाच मापात. इतके दिवस मला वाटत होतं मी त्यांना वाकवतेय, आणि तो फोन नुसता मला गोंजारत होता. तुझे आप्पा तर न मागताच सुटले, अर्पिता. आता त्यांना कुठं गाठू? याचा संताप होतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

दुसऱ्या दिवशी बोचकं बांधलं आणि एसटीत बसून इथं आले. कुणाला न विचारता माहेरी आले ते जन्मात पहिल्यांदा. तुझ्या अयोध्यामामीनं दारातच मिठी मारली. आई ज्या खोलीत गेली तिथं बसून मी मोठ्यानं रडले. आजूबाजूच्या बायाही येऊन बसल्या, इतक्या वर्षांनी का म्हणून एकीनंही विचारलं नाही. भाकरी मामी करते. मी पिठाला हात लावत नाही.

फोन अणदूरला ओसरीवर चार्जिंगला लावून, चालू ठेवून आले. चहाच्या वेळेला कस्तुरा कस्तुरा करत असतील. करू देत.

वर्षश्राद्धाला मी यायची नाही. रणधीर तुला विचारेल, आई कुठं गेली. त्याला म्हणावं, आप्पा घरीच आहेत, त्यांना विचार.

लोभ असू दे, आणि रागही असू दे.

तुझी आई,
कस्तुराबाई