बुधवारचं चौथं ताट

बिझर्त, १३ ऑक्टोबर १९८८

चि. युसर हिला,

आजीचा सलाम आणि दोन्ही गालांचे मुके. मी इथे खुशाल. तू तिथे ल्योंच्या थंडीत खुशाल असावीस आणि लोकरीचे मोजे घालत असावीस, एवढीच अल्लापाशी मागणी.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. माझं लिहिणं तुला माहीतच आहे, एका ओळीला एक पेला चहा लागतो. त्यात शेजारच्या मांजरीने गच्चीवर माझ्या मिरच्यांच्या चटईतच पिल्लं घातली. आता मिरच्या घरात वाळताहेत आणि मी सारखी शिंकतेय. पण आज बातमीच अशी आहे की हात थांबत नाही. बेय्या जेवली.

मन्नूबिया उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून तिच्या या धाकट्या बहिणीने अन्नाला नीट हात लावला नव्हता. जन्मभर दोघी एका घरात राहिल्या. लग्न दोघींनीही केलं नाही. बेय्याने रांधायचं आणि मन्नूबियाने नावं ठेवायची, असा त्यांचा संसार. ती गेली आणि ही नुसत्या काळ्या कॉफीवर राहिली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला की हे असंच चाललं तर ही हिवाळा काढायची नाही.

म्हणून चाळिसावा झाल्यावर नझीहाने ठरवलं की आपला बुधवार पुन्हा सुरू करायचा. बुधवार म्हणजे काय ते तुझ्या आईलाही नीट माहीत नाही. मी, नझीहा आणि या दोघी बहिणी, अशा आम्ही चौघी म्हाताऱ्या पांढऱ्या सफसाऱ्या पांघरून दर बुधवारी दुपारी गावातल्या एकेका खानावळीत जायचो, जेवायचो आणि पावाच्या तुकड्याने निकाल द्यायचो. ताट पावाने लख्ख पुसलं तर उत्तम. पाव हातातही धरला नाही, तर मालकाने आठवडाभर तोंड दाखवू नये. तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी हमामला जाते.

तर काल हसूनाच्या खानावळीत गेलो. तिथे नझीहाने जुन्या सवयीने चार बोटं वर केली, आणि अंडी घातलेल्या रश्श्याची चार ताटं आली. मन्नूबियाचाच नियम होता की टेबलावर आलेलं ताट निकाल लागल्याशिवाय परत जायचं नाही. आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसलो. तेवढ्यात बेय्याने स्वतःचं ताट बाजूला सारलं, ते चौथं ओढून घेतलं आणि अख्खं संपवलं. पावाने पुसून वर म्हणते कशी, की हरिसाच्या मिरच्या वाटणाऱ्याला आता कुणीतरी झोपेतून उठवा. थेट मन्नूबिया. आम्ही इतक्या हसलो की हसूनाची बायको चुलीपासून उठून बघायला आली.

डाव्या हाताने जेवली, तेवढंच जरा नवल वाटलं. डावखुरी मन्नूबिया होती. तिने त्यापायी बापाचा मारही खाल्ला होता. पण जेवली ना, मग कुठल्या का हाताने असेना. पुढच्या बुधवारी मी आपणहून चार बोटं वर करणार आहे.

मोजे घाल. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी आजी,
शादलिया

ल्यों, २९ ऑक्टोबर १९८८

ती. आजीस,

युसरचा सलाम आणि हाताचा मुका. पत्र पोचलं, त्याला मिरचीचा वासही होता, मीही शिंकले. मोजे घातलेत. आजोबांना हमामचं सांगून तू खानावळी पालथ्या घालत होतीस, हे मी आईला कळवू का? माझं तोंड बंद ठेवायचं असेल तर थोडा हरिसा पाठव.

बेय्याखाला जेवली हे वाचून बरं वाटलं. पण एक विचारू? तिने स्वतःचं ताट बाजूला सारलं असं तू लिहिलंस. त्या ताटाचं काय झालं? तुझी चार बोटं मला सारखी डोळ्यांसमोर दिसतात. घरी ती काय खाते, तेवढं बघून कळव.

आहे तशीच मला लाडावत राहा.

तुझी,
युसर

बिझर्त, २० नोव्हेंबर १९८८

चि. युसर,

आजीचा सलाम. हरिसाची बाटली तिकडे निघालेल्या शेजारच्या मुनीरच्या हाती देतेय. त्याच्या आईला सांगू नकोस, तिला दिली नाहीये.

तू विचारलंस म्हणून लिहिते. मी किती आनंदात आहे हे तुला सांगून पटायचं नाही. दर बुधवारी आम्ही चौघी असतो. हो, चौघीच. बेय्या आता येताना मन्नूबियाची सफसारी पांघरून येते, ती कोपऱ्याला रफू केलेली. तिच्याच खुर्चीवर बसते. गेल्या खेपेला कुसकुस बघितल्या बघितल्या म्हणाली की हे वाफवलंय की नुसतं घाबरवलंय. हसूनाच्या बायकोने तर तिला मन्नूबिया म्हणूनच हाक मारली, आणि तिने ओ दिली. मला ती 'बदके' म्हणते. माझ्या चालीवरून मला बदक म्हणणारी जगात एकच होती, बेय्याच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं.

या बुधवारी नझीहा हात धुवायला उठली, तेव्हा मी हळूच पुढे वाकले आणि विचारलं की मन्नूबिया, तिकडे कसं आहे गं. तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, मीठ कमी आहे. माझ्या अंगावर काटा आला, पण युसर, तो भीतीचा नव्हता. साठ वर्षांची मैत्रीण परत मिळाली तर कोण घाबरेल?

तिच्या घरीही जाऊन आले. चूल थंड होती. भांडी पालथी घातलेली, त्यांवर धूळ. जेवलीस का विचारलं तर वैतागून म्हणाली की रांधायचं काम बेय्याचं, तिला विचार. बेय्या कुठे आहे असं विचारायला माझी जीभ वळली नाही. हाताला धरून तिने मला दारापर्यंत पोचवलं. मनगट अगदी चिमणीच्या पायासारखं लागलं. एवढं सोडलं तर सगळं छान आहे. मांजरीची पिल्लं डोळे उघडून फिरू लागलीत.

माया ठेव, आणि मला वेडी समजू नकोस.

तुझी आजी

ल्यों, ४ डिसेंबर १९८८

ती. आजीस,

सलाम. आज थट्टा करत नाही, रागावू नकोस.

त्या घरात एक रांधणारी होती आणि एक नावं ठेवणारी. आता रांधणारी उरलेली नाही, म्हणून चूल थंड आहे. आठवड्यातून एक ताट, तेही मन्नूबियाखालाच्या नावाचं, एवढ्यावर बेय्याखाला जगतेय. आजी, जी गेली तिला तुम्ही जेवू घालताय आणि जी आहे तिला उपाशी ठेवताय.

तुलाही मन्नूबियाखाला हवी आहे, हे मला कळतं. मी इथे बसून तुला हे लिहिणं किती सोपं आहे, हेही कळतं. तरी सांगते. या बुधवारी तीनच बोटं वर कर.

माझ्यावरची माया कमी झाली तरी चालेल.

युसर

बिझर्त, १६ डिसेंबर १९८८

चि. युसर,

आजीचा सलाम. तुझं पत्र मी चुलीत टाकायला निघाले होते. मग परत उघडून वाचलं. परत वाचलं.

बुधवारी जुन्या बंदरावर गेलो, भाजलेल्या मुलेट माशासाठी. वारा असा सुटला होता की होड्या एकमेकींवर आपटत होत्या. मालक समोर आला. नझीहाची चार बोटं वर जाणार तोच मी तिचा हात दाबून धरला आणि तीन म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. नझीहाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कुणाला दाराबाहेर ढकललंय.

तीन ताटं आली. बेय्या, म्हणजे ती, थांबून राहिली. मग विचारलं की माझं कुठंय, बदके. आणि तेव्हा, पोरी, मला वाटलं की सोडून द्यावं, मालकाला हाक मारावी. तुला तिथे बसून काय कळणार. माझ्यासमोर तीच बसली होती, तिचेच डोळे, तीच वाकडी भुवई. मी म्हटलं, "तुझं समोर आहे, बेय्या. मन्नूबियाला आपण उन्हाळ्यात पुरलं."

मासे निवाले. नझीहा रडत रडत पाव तोडत होती, तुकड्यांचा ढीग झाला. मग बेय्याने सफसारी डोक्यावरून खाली सोडली, डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्याने माशाचा काटा काढला. लहान मूल शिकतं तशी सावकाश जेवली. अर्धा मासा खाल्ला आणि थांबली. पावाला हात लावला नाही. मी निकाल विचारला. ती किती हळू बोलते हे मी विसरूनच गेले होते. म्हणाली, "मासा चांगलाय. मला मासा आवडत नाही."

नझीहाने विचारलं की कधीपासून. ती म्हणाली, लहानपणापासून. बंदराच्या गावात जन्मभर रोज मासा रांधला हिने, आणि आम्हा कुणाला हे माहीत नव्हतं. मालकाला सांगून तिच्यासाठी दोन अंडी तळून घेतली. ती दोन्ही तिने खाल्ली. काल तिच्या धुराड्यातून धूर दिसला, तेव्हा नझीहाला मी रस्त्यातूनच हाक मारून दाखवला.

तेव्हा तू म्हणालीस ते झालं. शहाणी आहेस. मी आनंदात आहे, तसंच आईला कळव.

फक्त एवढंच, की जेवून निघालो तेव्हा नझीहा पुढे होती. तिने दार उघडून धरलं. आधी बेय्या बाहेर पडली, मग मी. तिघी वाऱ्यात उभ्या राहिलो, तरी नझीहाने दार तसंच धरून ठेवलं होतं. गार वारा आत शिरत होता. मालक आतून ओरडला की बाई, दार लावा. मी तिला काही म्हणाले नाही. मीही थांबलेच होते.

तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, उगीच काहीबाही लिहू नकोस.

तुझी आजी,
शादलिया