लातूरचा चोक

१० जुलै ९३, लातूर
शिवराजअप्पांच्या डाळ मिलमधून फोन. आमच्या कारखान्याने नव्या ट्यूब लावून दिल्या त्याच शेडमध्ये अपघात. गंगाबाईंचा हात पट्ट्यात सापडला. मोडला, पण वाचला. मुकादम म्हणतो, बाई गप्पांत होती. दवाखान्यात भेटून आले. "मॅडम, चाक थांबल्यालं दिसलं मला. म्हनून कोंडा झाडाया गेले. म्या काय येडी हाय का?"

११ जुलै
मिलमध्ये गेले. दारं-खिडक्या लावायला सांगितल्या, फक्त आपला उजेड ठेवला. पुली जोरात फिरत होती आणि मला ती जागच्या जागी उभी दिसत होती. हात पुढे करावासा वाटला, इतकी उभी.
बाई खरं बोलतायत. ट्यूब सेकंदाला शंभरदा मंदावते. चाकाचा वेग त्याच्याशी जुळला की डोळा फसतो. कॉलेजात हा पाच मार्कांचा प्रश्न होता.

१२ जुलै
कुलकर्णीसाहेबांना (आमच्या ट्यूबच्या कारखान्याचे मॅनेजर) सांगितलं. "रेहाना, हे बाहेर बोलू नका. गिऱ्हाईक जाईल, सोबत तुम्हीही जाल."
नांदेडला अब्बांना फोन. जळक्या मोटारींच्या वाइंडिंगची तार भरण्यात जन्म गेला त्यांचा. ऐकून घेतलं. "उस औरत को सब झूठी बोल रहे ना? फिर तू चुप कायको बैठी?"
संध्याकाळी अप्पांकडे. सगळं सांगितलं. पानाला चुना लावला.
"म्हंजे बाईची चूक न्हाई."
"नाही. उजेडाची. म्हणजे आमची."
"मग उजेड नीट करा की. आता दुसऱ्याला कुठं हुडकत बसू?"
परत येऊन साहेबांना सांगितलं. चिडले. काढलं मात्र नाही.

१९ जुलै
शेजारशेजारच्या ट्यूब वेगळ्या फेजवर घेतल्या. एक मंदावते तेव्हा दुसरी भरात. पुली फिरताना दिसते! अप्पा हात मागे बांधून बघत राहिले. मुकादमाने गंगाबाईंच्या घरी जाऊन चूक कबूल केली म्हणे. अप्पांनीच पाठवलं असणार.
पण हे ठिगळ झालं. लहान मिलांत एकच फेज. संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूब पेटतच नाही. खरं औषध इलेक्ट्रॉनिक चोक: ट्यूब सेकंदाला हजारोदा पेटवतो, मंदावणं डोळ्याला कळतच नाही. आपला, इथल्या विजेसाठी केलेला. गिऱ्हाईक टिकलं म्हणून साहेबांनी मागचं स्टोअर दिलं. विभाग म्हणजे मी आणि वाघमारे, निलंग्याकडचे टेक्निशियन. दारावर त्यांनीच ब्रशने लिहिलं: संशोधन विभाग. शहामृगासारखा श.

२२ सप्टें.
चोकचे ओबडधोबड नमुने झाले. व्होल्टेज उतरवत नेलं. बाजारातली ट्यूब फडफडून गेली. आमच्या चोकवरची जळत राहिली. वाघमारे हसले. पहिल्यांदाच पाहिलं.

३० सप्टें.
पहाटे भूकंप. सगळे रस्त्यावर. वाघमारे मिळेल त्या गाडीने गावाकडे गेले. किल्लारीकडून येणारे ट्रक बघवत नाहीत.

२ ऑक्टो.
पाऊस थांबत नाही. नमुने घेऊन मदतीच्या तंबूत. भर दुपारी आत अंधार, जनरेटरवर जास्त भार, ट्यूब नुसत्या लुकलुकताहेत. डॉक्टर टाके घालत होते, एकजण बॅटरी धरून. मी जुने चोक काढून आमचे लावले. पेटल्या. हलल्या नाहीत. डॉक्टरांनी वर पाहिलंही नाही, फक्त म्हणाले, "बॅटरी बंद करा आता."
इतकं पुरे.

११ ऑक्टो.
वाघमारे आले. थोरला भाऊ गेला. आई आहे. जा म्हटलं घरी. "घरी बसून काय करू मॅडम, नुसतं ढिगाऱ्याकडं बघत बसतोय. सोल्डरिंग द्या." दिलं.

४ मार्च ९४, पुणे
हेड ऑफिस. टाय लावलेले सहाजण. "संशोधन लातूरला कशासाठी? डिझाइन बाहेरून विकत घेऊ." मी म्हटलं, लातूरची वीज इथे कुठून आणणार? टेबलावर दोन्ही ट्यूब आणि पंखा. खोलीत अंधार करायला लावला. जुन्या उजेडात पाती थिजल्यासारखी. "कोण हात घालतंय?" विचारलं. एकाने खुर्ची मागे सरकवली. मंजुरी मिळाली. परतीच्या एसटीत उभ्याने आले, पाय दुखलेच नाहीत.

१८ मे ९४
अप्पांच्या पत्र्याखाली आमचे चोक मरू लागले. उन्हाळा. एकेक करून. साहेब: "मी म्हटलं नव्हतं?" रडू आलं, स्टोअरमध्ये जाऊन. मग उघडून बघितले. सगळ्यांत तोच कपॅसिटर शिजलेला. तापणाऱ्या भागाला खेटून मीच बसवला होता, जागा वाचवायला.

२ जून
रचना बदलली. तापणारं सगळं बाहेरच्या अंगाला. वाघमारेंनी बेकरीवाल्याकडून जुनी भट्टी आणली, तिच्यात चोक चालवतो. लॅबभर पावाचा वास.

मे ९५
सगळा उन्हाळा गेला. एकही मेला नाही. अप्पांनी आंब्यांची पेटी पाठवली. गंगाबाई चाळणीवर परत आल्या आहेत, हात थोडा वाकडा. पुलीकडे बोट करून म्हणाल्या, "आता दिसती बघा पळताना."

ऑग. ९६
अप्पांनी एक गोदाम क्लासवाल्या सरांना दिलं. "डाळीला कीड लागती, पोरान्ला लागत न्हाई." आजूबाजूच्या जिल्ह्यांतली, नायगाव-मुरुडची पोरं खोल्या घेऊन राहताहेत. सरांची तक्रार: दुपारनंतर मुलांची डोकी दुखतात. त्यांच्या ट्यूबना आमचे चोक लावले. आठवड्याने सर: "मॅडम, आता झोपतात, पण डोकं दुखतं म्हणत नाहीत." आता गल्लीतल्या प्रत्येक क्लासला हवाय. पाटीवर लिहितात: लातूरचा चोक.

१४ जाने. ९८, नांदेड
सूतगिरणीचं पूर्ण शेड आमच्या चोकवर. अब्बांना नेलं होतं. चात्या फिरत होत्या, उजेड दुधासारखा शांत. अब्बा बटणापाशी उभे. "मैं दबाऊँ?" ते बंद करून परत लावलं त्यांनी. सगळ्या एकदम पेटल्या. कामगार टाळ्या वाजवायला लागले, अब्बांनी मान तुकवून सलाम केला, जणू त्यांनीच बनवलं. अर्धं त्यांनीच.

६ फेब्रु. २००१, लातूर
पुण्याहून पत्र. सगळ्या कारखान्यांचं संशोधन माझ्याकडे. बसायचं पुण्याला. साहेबांनी पेढे वाटले, स्वतः. वाघमारे म्हणाले, "जावा मॅडम. तुमी न्हाई जायचं तर कोन?"
मी कळवलं: पद घेते. पण प्रयोगशाळा लातूरलाच वाढवा, माणसं इकडे पाठवा.

१५ फेब्रु.
पुण्याहून अजून उत्तर नाही. जपानहून नमुना आलाय, मसुराच्या दाण्याएवढा पांढरा दिवा, एलईडी. चोक नको, काचेची नळी नको. हा चालला तर आमचं आजवरचं सगळं अडगळीत. लावून बघितला. उजेड निळसर, पण हलत नाही. दिव्याची पाठ तापते फार. वाघमारेंना ती बेकरीची भट्टी पेटवायला सांगितलीय.