पदराच्या गाठीतल्या गोळ्या

केज, सोमवार, संध्याकाळ

आज सुमनबाईंना मूत्रपिंडाचे चित्र काढून फार मन लावून समजावले. इजा मधुमेहाने झाली असेल तर साखर आवरायची, रक्तदाबाने असेल तर दाब उतरवायचा. उपचार कारणाप्रमाणे बदलतो. त्यांचे कारण पदराच्या गाठीत होते: ऊसतोडीच्या हंगामात रोज दोनदा घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या. म्हणजे उपचार सोपा, गोळ्या बंद. सोपा?

"समजलं की समदं," त्या म्हणाल्या. "पर गोळीबिगर वाकायचं कसं, डॉक्टरसाहेब?"

मूत्रपिंडाला त्यामानाने सुरक्षित अशी पॅरासिटामॉल सुचवली.

"ती कवाच खाऊन पाहिली. नुसता खडू हाय."

मग यंदा तोडीला जाऊच नका म्हणालो. सोबत आलेला नवरा हसला. "कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी असती, साहेब. मुकादम मला एकट्याला घेतोय व्हय?"

परवा त्यांची गाडी निघते. आणखी एक हंगाम असाच गेला तर डायलिसिस अटळ, हेही सांगितले. पदराची गाठ काही सुटली नाही.

शेवटी त्याच माझी समजूत घालू लागल्या. "एक दिवसाआड खाते. चालंल?"

चालणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. तरी मी होकारार्थी मान हलवली. त्या बऱ्या झाल्यासारख्या हसल्या.