गिअरपेटीस टाके न मारण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य,
तंत्र महाविद्यालय.

विषय : स्पर्धेच्या रोबोटची दोन गतींची गिअरपेटी खालच्या गिअरमध्ये कायमची वेल्ड करण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ : कार्यशाळा अधीक्षकांच्या तपासणी अहवालावरील आपला कालचा आदेश.

महोदय,

सविनय निवेदन करतो की, मी यंत्र विभागाचा निवृत्त अधिव्याख्याता असून विद्यार्थ्यांच्या रोबोट संघाचा मानद सल्लागार आहे. सदर पेटीचा आराखडा मी आणि माझी दिवंगत पुतणी, संघाची तत्कालीन चालक, अशा दोघांनी केला. खालचा गिअर माझा : वेग कमी, जोर अधिक, प्रतिस्पर्ध्याचा रोबोट रेटण्यासाठी. वरचा तिचा : मैदान झपाट्याने ओलांडण्यासाठी. मधली दातेरी कडी ज्या बाजूस सरकेल, तो गिअर लागतो. "काका, तुमच्या गिअरात गोगलगायसुद्धा हॉर्न वाजवून पुढे जाईल," असे ती म्हणत असे. मी सायंकाळी पेटी खालच्या गिअरमध्ये ठेवून घरी जाई; ती सकाळी सर्वांआधी येऊन वरच्यात टाकून ठेवी. ही आमची नित्याची कुरापत होती. गेल्या हिवाळ्यात ती अल्प आजाराने गेली.

मी आजही सायंकाळी खालचा गिअर लावूनच घरी जातो. पेटी अद्याप रोज सकाळी वरच्या गिअरमध्ये आढळते.

प्रथम मला हवेच्या गळतीचा संशय आला. म्हणून कडी सरकवणारा हवेचा सिलिंडरच काढून कपाटात ठेवला. फरक पडला नाही. पेटी ज्या मेजावर असते त्याच्या उताराने कडी घसरत असेल, म्हणून मेजाची पातळी तपासली. ती अचूक आहे. पुढे कडीच्या दांड्यास भोक पाडून, तो हलू नये म्हणून लोखंडी खिटी घातली व तिची टोके दुमडली. सकाळी खिटी शेजारी ठेवलेली होती; टोके सरळ केलेली, तेल पुसलेले. अखेर अधीक्षकांनी स्वतः रात्री कार्यशाळेच्या दारास लाखेची मोहर लावली. मोहर शाबूत, गिअर वरचा.

अधीक्षकांनी पेटी 'बेभरवशाची' ठरवली, यात त्यांचा दोष नाही. वेल्डर मला म्हणाला, "मास्तर, वेल्डिंगचे दोन टाके मारतो, कटकट मिटेल." इतर कोणत्याही पेटीबाबत हा सल्ला मीच दिला असता.

परंतु मुलीच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावजयीचा, विचार व्हावा. तिला हे सांगताना माझा धीर होत नव्हता. ऐकून ती म्हणाली, "दादा, घरी दहा हाका मारल्या तरी उठत नव्हती, आणि तिथे बरी वेळेवर येते!" त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. आता रोज सकाळी तिचा फोन येतो. ती एवढेच विचारते, "कुठला?" मी सांगतो, "वरचा." मध्यंतरी तापामुळे मला कार्यशाळेत येता आले नाही. त्या दिवशी तिने चूलही पेटवली नाही.

मी तिच्याशी खोटे बोलू शकणार नाही. आयुष्यभर मोजमाप जसे आले तसेच लिहिण्याची सवय आहे.

तरी आदेश मागे घ्यावा, ही विनंती. ते शक्य नसल्यास टाके वरच्या गिअरमध्ये मारावेत. तसे केल्यास आपला रोबोट पहिल्याच रेटारेटीत मागे ढकलला जाईल. ते गणित सोबत जोडले आहे आणि ते बरोबर आहे. मी जन्मभर खालच्या गिअरच्या बाजूने भांडलो. ही माझी माघार समजावी आणि तशी नोंद व्हावी.

वेल्डर उद्या सकाळी येणार आहे. त्याच्याआधी येऊन मी दाराशी थांबेन.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त अधिव्याख्याता, यंत्र विभाग
दिनांक : ८ फेब्रुवारी

सोबत : १. दोन्ही गिअरच्या जोराचे गणित. २. सरळ केलेली खिटी (पाहून परत मिळावी).